वंशावळीची वही

आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त छापावयाचा असे काही उत्साही आप्तांनी ठरविले, त्यास आता तीन वर्षे होत आली. कोकणस्थ घराण्यांत असे ग्रंथ काढण्याची चाल जुनी आहे आणि तिच्याविषयी माझ्या मनात यत्किंचितही अनादर नाही. मूळ गाव कोणते, घाटावर प्रथम कोण गेला, दुष्काळात कोणाची शाखा खुंटली, हे एके ठिकाणी वाचावयास मिळाले म्हणजे मनुष्यास आपण अगदीच कालचे नव्हे असे वाटते. आणि हे वाटणे वाईट नव्हे.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस संपादकमंडळाचे दोन सभासद रत्नागिरीस माझ्या घरी आले. माझ्या शाखेची माहिती मी पूर्वीच लिहून दिली होती; तीत एक अडचण निघाली होती. माझ्या पुतण्याने व त्याच्या पत्नीने चार वर्षांपूर्वी अनाथालयातून एक मुलगी दत्तक घेतली. तिच्या जन्मदात्यांविषयी कोणासही काही ठाऊक नाही. मंडळाचे म्हणणे असे की, पुतण्याच्या नावापुढे ‘संतती नाही’ असे छापावे. फार तर ताऱ्याची खूण करून तळाशी एक ओळ द्यावी. दोघांतील वडील गृहस्थ मोठे सौजन्यशील. ते म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, मुलीविषयी आम्हांला काही म्हणावयाचे नाही. पण घोडा घेतानासुद्धा लोक त्याच्या सात पिढ्या पाहतात. हा तर माणसांचा ग्रंथ! खाण तशी माती, हे काय खोटे आहे?”

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. त्याचे एक कारण असे की, पुतण्याने दत्तकाचा विचार प्रथम मला सांगितला तेव्हा माझ्याही तोंडून जो पहिला प्रश्न निघाला तो ‘मूल कोणाचे?’ हाच होता. जो दृष्टान्त त्या गृहस्थांनी बोलून दाखविला तो माझ्या मनात आधीपासून वसत होता. म्हणून घोड्याचा दृष्टान्त खरोखर काय सांगतो, हे पाहणे मला भाग पडले.

इंग्रजांनी शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ लिहावयास घेतली ती 1791 साली. वेदरबी नावाच्या गृहस्थाने काढलेल्या त्या वहीस जनरल स्टड बुक म्हणतात, आणि तीत ज्याचे आईबाप नोंदले आहेत तोच घोडा शुद्ध रक्ताचा, असा नियम पडला. या सर्व शुद्ध रक्ताची नरपरंपरा तीन परदेशी घोड्यांपासून निघते. एक बायर्ली कप्तानाने 1690 च्या बॉइनच्या लढाईत स्वारीस घेतलेला तुर्की घोडा. दुसरा डार्लीने 1704 मध्ये अलेप्पोहून पाठविलेला अरबी. तिसरा गोडॉल्फिनचा अरबी, जो फ्रान्समार्गे इंग्लंडात आला. या तिघांच्या आईबापांची नावे त्या वहीत नाहीत. आज जगातील शंभर शर्यती घोड्यांपैकी सुमारे पंच्याण्णवांचे मूळ त्या एका अलेप्पोच्या घोड्याशी जाऊन मिळते, असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे ज्या वहीत अज्ञातकुलास जागा नाही, तिचे पहिले पानच अज्ञातकुलांनी भरलेले आहे! शिवाय 2002 साली घोड्यांच्या मातृपरंपरेची रक्तावरून तपासणी झाली, तेव्हा जुन्या नोंदींतील काही शाखा मुळात चुकीच्या जागी चिकटविलेल्या निघाल्या. आपल्याकडे नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये असे म्हणतात. ही म्हण आणि ‘खाण तशी माती’ या दोन्ही एकाच भाषेत सुखाने नांदतात, हे आमच्या तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

परंतु एवढ्यावरून वंशावळ हे निव्वळ थोतांड आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांनी 1945 साली इंग्लंडात एक वर्षाचे शिंगरू 28,000 गिनींस विकत घेतले. वर्षाच्या शिंगरास एवढी किंमत त्यापूर्वी कोणी दिली नव्हती. आणि ती दिली ती केवळ वंशावळीस, कारण त्याच वर्षी डर्बी जिंकलेल्या डान्टेचा तो सख्खा भाऊ होता. महाराजांनी त्याचे नाव आपल्या आजोबांवरून ‘सयाजीराव’ ठेविले. 1947 मध्ये त्याने सेंट लेजर जिंकली. रक्त बोलते ते असे. सख्खे भाऊ असूनही ज्यांनी आयुष्यात एकही शर्यत जिंकली नाही अशा घोड्यांची यादी कोणी छापीत नाही, हे खरे. तरी पैज लावणाऱ्याने सख्ख्या भावावर लावणे शहाणपणाचे, एवढे मी मान्य करतो.

याच महाराजांचा दुसरा घोडा ‘माय बाबू’. त्याची कथा मला अधिक बोधप्रद वाटते. 1910 च्या सुमारास अमेरिकेतील शर्यतींवर निर्बंध आले आणि तेथील घोडे इंग्लंडात येऊ लागले. त्यांच्या जुन्या पिढ्यांच्या नोंदी अपुऱ्या होत्या. बाजारभाव पडेल या भीतीने 1913 मध्ये इंग्रजांनी नियम केला की, ज्याच्या सर्व शाखा आधीच्या वहीतील घोड्यांपर्यंत निर्वेध पोहोचतात, त्याचीच नोंद यापुढे होईल. लॉर्ड जर्सी यांच्या नावावरून हा नियम ओळखला जातो. पुढच्याच वर्षी, 1914 साली, अमेरिकन आईच्या पोटी जन्मलेल्या दुर्बार नावाच्या घोड्याने डर्बी जिंकली; वहीच्या हिशेबी मात्र तो मिश्र रक्ताचाच राहिला. दुर्बारच्या मुलीचा मुलगा तूर्बियाँ, त्याचा मुलगा जेबेल, आणि जेबेलचा मुलगा माय बाबू. जेबेलने 1940 मध्ये टू थाउजंड गिनीज ही शर्यत जिंकली. 1948 मध्ये माय बाबूनेही तीच जिंकली. पित्यापुत्रांनी इंग्लंडातील उत्तमोत्तम शुद्ध घोड्यांस मागे टाकावे आणि वहीत मात्र त्यांस जागा नसावी, हा प्रकार हास्यास्पद झाला. अखेर 1949 साली तो नियम रद्द करावा लागला.

या ठिकाणी मला त्या गृहस्थांच्या दृष्टान्तातील उणीव सापडली. घोड्याच्या वंशावळीस जे मोल आहे ते तिच्या शेजारी शर्यतीचे मैदान आहे म्हणून. प्रत्येक पिढी धावते, आणि जी मागे पडते तिच्या कुळाची किंमत उतरते. वही खोटी बोलू लागली तर मैदान तिला खोडून काढते. पस्तीस-छत्तीस वर्षे लागली, पण खोडून काढलेच. माणसांच्या कुलाभिमानास असे मैदान नाही. किंबहुना कुळ विचारण्याचा हेतूच पुष्कळदा मैदानात उतरू न देण्याचा असतो. कर्ण धनुष्य घेऊन रंगभूमीवर आला तेव्हा कृपाचार्यांनी त्याचे कुळ विचारले, ते बाण सुटण्यापूर्वी. याच रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. आंबेडकरांनी जातिभेदावरील 1936 च्या आपल्या निबंधात हेच वर्म नेमके पकडले आहे. जातिभेद हा उत्तम संततीचा शास्त्रीय उपाय आहे असे म्हणणारांस त्यांचा प्रश्न असा की, मग या उपायातून निपजलेली प्रजा कशी आहे ती पाहू या.

आणखी एक भेद आहे, तो याहूनही मूलगामी. घोड्याची पैदास मालक करतो, आपल्या कामाकरिता, आणि एका गुणाकरिता. शर्यतवाल्यास वेग हवा. सरकारास तोफ ओढणारा अन् शिपाई वाहणारा घोडा हवा. कंपनी सरकारने बिहारात पुशास घोड्यांची पागा ठेविली. 1808 मध्ये तिचा अधिकारी म्हणून विल्यम मूरक्रॉफ्ट आला. त्याने चाऱ्यासाठी ओट पेरला, म्हणजे बीजाबरोबर दाणावैरणही लागते हे त्याला कळत होते; तरी उत्तम नराच्या शोधात तो बुखाऱ्यापर्यंत गेला आणि 1825 साली परतीच्या वाटेवर मेला. बंगालच्या त्या पागा 1870 नंतरच्या दशकात मोडल्या, आणि पलटणी ऑस्ट्रेलियाहून येणाऱ्या वेलर घोड्यांवर बसू लागल्या. हा घोडा चांगला की वाईट, हे ठरले ते पलटणीच्या गरजेवरून. घोड्याचे मत कोणी विचारले नाही, आणि विचारण्याचे कारणही नव्हते. पण माणसाचा मालक कोण? त्याची पैदास कोणत्या कामाकरिता व्हावयाची? ‘उत्तम कुळ’ हे शब्द उच्चारताना या प्रश्नाचे उत्तर आपण गृहीत धरतो. धरतो याची जाणीवही नसते.

आमच्या कोकणात घोडा विरळा. कातळावर आणि चिखलात त्याचे काम नाही, बैल व माणसाचा खांदा यांवरच आमचे भागले. तरी भातकापणी झाली की दरवर्षी घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन खाली उतरतात, तेव्हा त्यांच्यासंगे काही घोडी येतात. अंगाने लहान, पाठीवर कांबळी, भांडी, कोकरे, कधी एखादे मूल. शेतकरी मेंढ्या शेतात बसवून घेतो आणि खताच्या मोबदल्यात भात देतो. लहानपणी आम्ही त्या घोड्यांस हसत असू. ती भीमथडी जात. तिच्याच पाठीवर बसून बारगीर आणि शिलेदार अटकेपर्यंत गेले. 1818 नंतर स्वारांची घोडदळे मोडली, आणि इंग्रजी व अरबी घोड्यांपुढे तिला विचारणारे कोणी उरले नाही. ती टिकली धनगरांपाशी, कोणत्याही वहीवाचून. अगदी अलीकडे पशूंच्या जातींची राष्ट्रीय नोंद ठेवणाऱ्या संस्थेने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. वही मागाहून आली. घोडे आपले ओझे घेऊन घाट उतरतच होते.

ज्यांच्या नावावरून त्या 28,000 गिनींच्या शिंगराचे नाव ठेविले, त्या सयाजीरावांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. 1875 साली मल्हारराव पदच्युत झाल्यावर जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावाहून दूरच्या भाऊबंदांतील मुले आणविली आणि त्यांतील गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक घेतला. त्याला तोवर अक्षरओळख नव्हती. त्याची निवड झाली ती वंशावळीमुळे, हे कबूल; ती नसती तर त्याला कवळाण्याहून कोणी बोलाविले नसते. पण त्याच वंशावळीत बसणारे कवळाण्यात आणखीही होते, आणि मल्हाररावांचे कुळ तर त्याच्याहून अधिक जवळचे होते. 1906 साली ज्याने साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तो राजा घडला दत्तकानंतर. गुरूंपाशी, ग्रंथांपाशी, आणि आपण उशिरा शिकलो या जाणिवेने. रत्नागिरीच्या माणसास हे समजावे लागू नये. हापूसची कोय पेरली तर हापूस येईलच असे नाही. तो हवा तर रायवळाच्या रोपावर कलम बांधावे लागते, हे येथील कोणताही बागायतदार सांगेल.

हे सर्व जुळवीत असता मी कुलवृत्तान्ताची आमच्या शाखेची मुद्रिते पुन्हा वाचली. तीत सात पिढ्यांत तीन दत्तक आहेत; माझे स्वतःचे पणजोबा त्यांतील एक. त्या तिघांच्या नावांपुढे तारा नाही. ते भाऊबंदांतील होते, असे मला सांगण्यात येईल. पण पणजोबांचे जे गुण घरात अजून सांगितले जातात, म्हणजे त्यांची विहीर, त्यांचा करारीपणा, साथीच्या वर्षी त्यांनी गावात वाटलेले तांदूळ, त्यांतील एकही आम्ही त्यांच्या जन्मदात्याच्या नावावर जमा केलेला नाही. ते दत्तक गेले त्या घराचेच आम्ही मानतो.

पुतण्याची मुलगी आता पाच वर्षांची आहे. गेल्या महिन्यात ती येथे आली होती. माझा चष्मा लपविते, आणि विचारले की माझ्याकडे बोट दाखवून “आजोबांनी” म्हणते. तिला धावावयाचे ते मैदान पुढे आहे, आणि ते कोणते, हे तीच ठरवील. पूर्वी मी विचारलेला तो प्रश्न पुतण्याच्या लक्षात आहे की नाही, हे मला विचारवले नाही.

मुद्रिते मी परत पाठविली आहेत. पुतण्याच्या नावाखालील ‘संतती नाही’ हे शब्द खोडून तेथे तिचे नाव व आमच्या घरी ती आली तो दिनांक स्वहस्ते लिहिला. तारा काढलेला नाही. संपादकांचे उत्तर अद्याप यावयाचे आहे.