बरा म्हणजे किती बरा?

१९८७च्या उन्हाळ्यात शिकागोतल्या दोन समीक्षकांचं टीव्हीवर एका कुत्र्यावरून वाजलं. रॉजर ईबर्ट आणि जीन सिस्केल हे त्या शहरातल्या दोन प्रतिस्पर्धी वर्तमानपत्रांचे चित्रपट-समीक्षक. आठवड्याचे नवे सिनेमे घ्यायचे, तावातावाने बोलायचं आणि शेवटी अंगठा वर किंवा खाली करायचा, असा त्यांच्या कार्यक्रमाचा खाक्या. त्या भागात स्टॅनली कुब्रिकचा व्हिएतनाम युद्धावरचा ‘फुल मेटल जॅकेट’ होता आणि ‘बेंजी द हंटेड’ही होता. या दुसऱ्या सिनेमात जंगलात हरवलेला एक कुत्रा प्यूमाची पोरकी पिल्लं सांभाळतो. ईबर्टने बेंजीसाठी अंगठा वर केला आणि कुब्रिकसाठी खाली. सिस्केलचा विश्वासच बसेना. कुब्रिकला नापास करणारा माणूस या कुत्र्याला पास करतो म्हणजे काय, अशा सुरात त्याने भर कार्यक्रमात ईबर्टची हजेरी घेतली. ईबर्टचा बचाव साधा होता: या गोष्टी सापेक्ष असतात, दोन्ही सिनेमांना एकच फूटपट्टी लावायची नसते.

बचाव बरोबर होता. पंचाईत एवढीच, की तो सांगायला वाक्यं लागतात आणि अंगठ्याला वाक्यं बोलता येत नाहीत.

दर शुक्रवारी हीच पंचाईत नव्याने होते. एक भयपट, एक कौटुंबिक विनोदी, एक देशभक्तीपट, एक दक्षिणेतून डब होऊन आलेला मारधाडपट आणि कुठेतरी सकाळच्या एकाच खेळात अडकलेला छोटा मराठी सिनेमा, असे सगळे एकाच रांगेत उभे राहतात. प्रत्येकाच्या नावापुढे तीन, साडेतीन, अडीच. आकडे एकमेकांशेजारी छापले की ते एकाच परीक्षेतले गुण वाटू लागतात. प्रत्यक्षात प्रत्येकाचा पेपर वेगळा असतो.

ताऱ्यांची ही पद्धत शंभरीकडे आली आहे. ३१ जुलै १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर यांनी ‘द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स’ या मूकपटाला एक तारा दिला. वर्तमानपत्रातलं हे पहिलं तारांकित परीक्षण मानलं जातं. तेव्हा कमाल तारे तीनच होते. सकाळी घाईत पेपर चाळणाऱ्या वाचकाला संध्याकाळी पैसे कुठे घालवायचे ते चटकन कळावं, हा त्यामागचा रोकडा हिशेब. त्यात वावगं काही नव्हतं. फळवाल्याला ‘गोड आहेत का?’ विचारणाऱ्याला संत्र्याच्या जातींचा इतिहास नको असतो.

फ्रेंचांनी याच युक्तीला एक देखणं रूप दिलं. ‘काइए द्यु सिनेमा’ या मासिकाने १९५५ मध्ये दहा जणांच्या मतांचा तक्ता छापायला सुरुवात केली. डावीकडे सिनेमांची नावं, वर समीक्षकांची नावं, आणि चौकटींत ताऱ्यांऐवजी कधीकधी एक काळा ठिपका. ठिपक्याचा अर्थ, जायचे कष्टही घेऊ नका. एक तारा म्हणजे अगदीच बघायचा असेल तर बघा. चार तारे म्हणजे श्रेष्ठ कलाकृती. या तक्त्याची खरी गंमत आडव्या ओळीत होती. एकाच सिनेमापुढे एकाचे चार तारे आणि शेजाऱ्याचा काळा ठिपका. या समीक्षकांपैकी रिव्हेतला काय आवडतं आणि रोमेर कशाने हरखतो, हे माहीत असलेला वाचक त्या मतभेदातूनच स्वतःचं उत्तर काढत असे. तक्त्याने सरासरी काढली नाही. माणसं माणसंच ठेवली.

संक्षेप म्हणजे उथळपणा असं मानायचं कारण नाही. लेनर्ड मॉल्टिन या अठरा वर्षांच्या पोराने १९६९ मध्ये टीव्हीवर लागणाऱ्या सिनेमांची एक मार्गदर्शिका काढली. ती वाढत वाढत अखेरच्या, २०१४ साली आलेल्या आवृत्तीपर्यंत पंधरा हजारांहून अधिक नोंदींची झाली. प्रत्येक नोंद चार-सहा ओळींची. त्यातली सर्वांत गाजलेली नोंद १९४८च्या ‘इझन्ट इट रोमँटिक?’ या संगीतपटावरची. चित्रपटाचं नावच विचारतं, किती रोमँटिक, नाही का? मॉल्टिनचं पूर्ण परीक्षण एका शब्दाचं होतं: ‘नाही.’ जगातलं सर्वांत छोटं परीक्षण म्हणून गिनेस बुकाने त्याची दखल घेतली. हा शब्द हसवतो, कारण तो शीर्षकातल्या प्रश्नाला नेमकं उत्तर देतो. दुसऱ्या कुठल्याही सिनेमाला तो लावता येणार नाही. ‘अवश्य पाहा’ हे दोन शब्द मात्र कुठल्याही सिनेमाच्या पोस्टरवर चिकटतात, आणि चिकटवले जातातच.

बेंजीच्या वादानंतर सतरा वर्षांनी ईबर्टने आपली फूटपट्टी उघड करून दाखवली. निमित्त होतं ‘शाओलिन सॉकर’ या हाँगकाँगच्या धमाल विनोदी सिनेमाला दिलेल्या तीन ताऱ्यांचं. त्याचा युक्तिवाद असा: मित्र ‘हेलबॉय’ कसा आहे विचारतो तेव्हा ‘मिस्टिक रिव्हर’च्या तुलनेत कसा, हे त्याला नको असतं, ‘द पनिशर’च्या तुलनेत कसा, हे हवं असतं. मराठीत सांगायचं तर ‘झपाटलेला’ बघू का, असं विचारणाऱ्याला ‘उंबरठा’चे गुण ऐकवून उपयोग नाही. तात्या विंचूने घाबरवलं का आणि लक्ष्याने हसवलं का, एवढं सांगा. या न्यायाने ईबर्टच्या खात्यात मोठ्या मजेशीर जोड्या जमल्या. ‘गारफिल्ड’ या मांजराच्या सिनेमाला तीन तारे, आणि पुढे अनेकांच्या आवडीचा ठरलेल्या ‘द युज्वल सस्पेक्ट्स’ या रहस्यपटाला दीड. या जोडीवर नाक मुरडणं सोपं आहे. पण ईबर्ट नियमित वाचणाऱ्याला ती खटकत नसे, कारण दीड ताऱ्यांखाली पूर्ण परीक्षण होतं आणि त्याच्या मागे अनेक वर्षांची ओळख होती.

ओळख हाच इथला कळीचा मुद्दा आहे. घराघरांतला छोट्या अभिप्रायांचा व्यवहार तिच्यावरच चालतो. पुणेरी ‘बरा आहे’ याची किंमत कोल्हापुरी ‘लय भारी’पेक्षा कमी नसते, हे दोन्हीकडच्या सोयरिकी सांभाळलेल्यांना ठाऊक असतं. प्रत्येक सिनेमा अर्ध्या तासाने लांबलाय असं म्हणणारे एक मामा असतात. त्यांनी लांबी काढली नाही तर सिनेमा उत्तम समजायचा. ‘एकदा बघायला हरकत नाही’, ‘पैसे वसूल’, ‘डोकं घरी ठेवून जा’, ‘रुमाल घेऊन जा’ हे सगळे निकालच आहेत, आणि त्यांतल्या शेवटच्या दोघांत तर सिनेमाचा प्रकारही सांगून होतो. कुठल्याही ताऱ्याला हे जमलेलं नाही.

मग आकडेशास्त्र आलं आणि माणूस पुसला गेला. १९९८ मध्ये सुरू झालेलं ‘रॉटन टोमॅटोज’ प्रत्येक परीक्षणाला फक्त दोन खणांपैकी एकात टाकतं: चांगलं किंवा वाईट. चांगल्यांचं प्रमाण साठ टक्के झालं की टोमॅटो ताजा, त्याखाली सडका. समजा शंभर समीक्षकांनी एका सिनेमाला पाचपैकी तीन तारे दिले. कोणीच भारावलं नाही, कोणीच चिडलं नाही. तरी गुण शंभर टक्के. दुसऱ्या सिनेमाने पंचावन्न जणांना वेड लावलं आणि पंचेचाळीस जणांचं डोकं फिरवलं. गुण पंचावन्न, टोमॅटो सडका. सरासरी गुण त्या पानावर वेगळे दिलेले असतात, पण जाहिरातीत छापला जातो तो टक्का. तो आवडीची खोली मोजत नाही, फक्त होकार मोजतो. कोणालाही न दुखावणाऱ्या सिनेमांना हे माप फार मानवतं.

याचा कळस २०२१ मध्ये झाला. ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ तोवर शंभर टक्क्यांवर होता. कोणीतरी ‘शिकागो ट्रिब्यून’मधलं १९४१चं एक नाराज परीक्षण शोधून काढलं, ते हिशेबात धरलं गेलं आणि ऐंशी वर्षांनी केनचा एक टक्का गळाला. परीक्षणावर नाव होतं मे टिने. नाव मोठ्याने उच्चारलं की ‘मॅटिनी’ ऐकू येतं; त्या वर्तमानपत्रात हे टोपणनाव एकाहून अधिक जणांनी वापरलं होतं. म्हणजे जगातल्या सर्वांत वाखाणलेल्या सिनेमाचा टक्का घालवणारी व्यक्ती नक्की कोण, हेही नावावरून कळायची सोय नाही. लगेच बातम्या झळकल्या, की मुरंबा खाणाऱ्या अस्वलाचा ‘पॅडिंग्टन २’ आता ‘केन’च्या पुढे गेला. थोड्याच दिवसांत एका नव्या नापसंतीने अस्वलही नव्याण्णववर आलं. सिस्केलने हे पाहिलं असतं तर त्याला बेंजी पुन्हा आठवला असता. तो १९९९ मध्येच गेला.

प्रेक्षकांचे झटपट निकालही प्रकाराच्या गोंधळातून सुटत नाहीत. अमेरिकेत ‘सिनेमास्कोअर’ ही संस्था पहिल्या दिवशी चित्रपटगृहाबाहेर येणाऱ्यांच्या हातात कार्ड देऊन श्रेणी गोळा करते. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या ‘हेरेडिटरी’ या २०१८च्या भयपटाला तिथे डी प्लस मिळाली. आदल्या वर्षीच्या ‘मदर!’ला तर थेट एफ. भयपटांच्या वाट्याला तिथे अशा खालच्या श्रेणी नेहमीच येतात, आणि धंद्यातली माणसं त्या वाचताना मनातल्या मनात थोडी वाढवून घेतात. घाबरून, अस्वस्थ होऊन बाहेर पडलेल्या माणसाला त्या क्षणी ‘आवडला का?’ विचारलं तर तो काय सांगणार? झणझणीत मिसळीचा पहिला घास खाल्लेल्याला चव विचारण्यासारखंच ते.

आपल्याकडे संक्षिप्त आणि जहाल निकालांचा आद्य पुरुष म्हणजे पालघरजवळच्या मासवणचे बाबूराव पटेल. १९३५ मध्ये मुंबईत त्यांनी ‘फिल्मइंडिया’ काढलं आणि पुढची पंचवीस वर्षं निर्माते त्या इंग्रजी मासिकाचा अंक धडधडत्या छातीने उघडत राहिले. पटेलांचा पूर्वग्रह जगजाहीर होता. लोभ आणि राग दोन्ही ते लपवत नसत, त्यामुळे वाचकाला किती मीठ काढून टाकायचं ते कळे. स्वतः दिग्दर्शक म्हणून त्यांनी ‘द्रौपदी’ आणि ‘ग्वालन’ केले. त्यांचं नाव आज घेतलं जातं ते या सिनेमांसाठी नाही.

१५ ऑगस्ट १९७५ला ‘शोले’ आला तेव्हा सुरुवातीचा सूर उतरलेलाच होता. धंद्यातल्या जाणत्यांनी तो पडल्याचं सांगून टाकलं. एका समीक्षकाने नावावरच कोटी करून त्याला विझलेला निखारा ठरवलं. शीर्षक चिमटीत धरायची युक्ती मॉल्टिनसारखीच, फक्त इथे ती अंगलट आली: हा निखारा मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षं धगधगत राहिला. त्या समीक्षकाची टर उडवायची सवय झाली आहे, पण त्याच्या जागी बसून पाहायला हवं. डाकूपट हिंदीत ओळखीचा होता, अमेरिकी वेस्टर्न ओळखीचा होता; दोन्ही एकत्र, सत्तर मिलिमीटरवर, विनोद आणि करुणेची फोडणी दिलेलं हे कशाशी ताडून बघायचं? पट्टी हाताशी नसताना माप घ्यायचं आणि तेही लगोलग, ही त्या धंद्याची अटच आहे.

छोट्या अभिप्रायाला बाजारात किंमत आहे म्हणून त्याची बनावटही होते. हॉलिवूडमधल्या एका बड्या स्टुडिओच्या जाहिरातींत २०००च्या सुमारास डेव्हिड मॅनिंग नावाचा समीक्षक झळकू लागला. कनेटिकटमधल्या ‘रिजफील्ड प्रेस’ या साप्ताहिकाचा हा माणूस स्टुडिओच्या सिनेमांवर एकापेक्षा एक खूश असे. २००१च्या जूनमध्ये ‘न्यूजवीक’ने उघड केलं, की साप्ताहिक खरं आहे पण मॅनिंग अस्तित्वातच नाही, त्याला स्टुडिओच्या जाहिरात विभागाने जन्माला घातलं होतं. पुढे कोर्टात तडजोड झाली आणि फसलेल्या प्रेक्षकांना तिकिटामागे पाच डॉलर देण्याचं ठरलं. यातली बोचरी गोष्ट अशी, की मॅनिंगच्या ओळी खऱ्या समीक्षकांच्या जाहिरातीत छापलेल्या ओळींपेक्षा वेगळ्या वाटत नव्हत्या. एवढे दिवस कोणाला संशय आला नाही तो म्हणूनच.

अलीकडे निर्मात्यांचा राग उलट्या दिशेने वाहतो आहे. केरळ उच्च न्यायालयाला साहाय्य करणाऱ्या न्यायमित्राने २०२४ मध्ये सुचवलं, की प्रदर्शनानंतर ४८ तास यूट्यूबवरच्या परीक्षकांनी थांबावं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तमिळ निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयाकडे तीन दिवसांची बंदी मागितली. न्यायालयाने असा अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. निर्मात्यांची भीती खोटी नाही. पैसे घेऊन केलेली बदनामी असते, आणि पहिल्या शनिवार-रविवारी पडलेला सिनेमा सोमवारी पडद्यावरून उतरतो. तरीही तीन दिवस तोंड बंद ठेवून सिनेमा वाचेल, हा भाबडेपणा आहे. पहिल्या खेळाच्या मध्यंतरातच व्हॉट्सअॅपवर निकाल लागलेला असतो, आणि त्याला कुठलंही न्यायालय थांबवू शकत नाही.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ची गोष्ट तर दोन्ही बाजूंना गप्प करणारी. १२ ऑक्टोबर २०१८ला तो आला तेव्हा समीक्षकांनी भरभरून लिहिलं होतं. नारायण धारपांच्या भयकथेची सावली, कोकणातला न थांबणारा पाऊस, आजीचा वाडा आणि हावरटपणाची लोककथा. याला भयपट म्हणावं तर दचकायला आलेले लोक बुचकळ्यात पडले, आणि भयपट नको असलेले फिरकलेच नाहीत. १३ सप्टेंबर २०२४ला तो पुन्हा लागला आणि या दुसऱ्या फेरीत त्याने पहिल्या फेरीपेक्षा जास्त कमाई केली. मधल्या सहा वर्षांत सिनेमा तोच होता, तारेही तेच होते. बदललं होतं ते एवढंच, की कोणीतरी ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाला सांगितलं होतं, ‘हा तुला आवडेल.’

ईबर्टनेही स्वतःचा एक निकाल असाच पुन्हा उघडला होता. एकाच दिवसात अडकलेल्या माणसाचा ‘ग्राउंडहॉग डे’ त्याने १९९३ मध्ये पाहिला आणि तीन तारे दिले. २००५ मध्ये त्याने तो आपल्या थोर चित्रपटांच्या मालिकेत घेतला आणि पहिल्या वेळी आपण त्याला कमी लेखलं होतं, हे त्याच लेखात मोकळेपणाने कबूल केलं. जुनं परीक्षण मात्र तसंच आहे. त्याच्या संग्रहात आजही एकाच सिनेमाची दोन पानं सापडतात: एकावर तीन तारे, दुसऱ्यावर चार.