गुरुजींची उन्हाळी सुटी

उन्हाळ्याची सुटी ही शाळामास्तरांची आणि हायकोर्टाची मिरास. मे महिन्यात न्यायदेवतासुद्धा हातातला तराजू खाली ठेवून विश्रांती घेते. बाकीच्या देवतांना ही सोय नाही, त्यामुळे त्यांच्या भटजींनाही नाही. उलट मुलांना सुटी असते म्हणून मुंजी मे महिन्यात, पाहुण्यांना रजा मिळते म्हणून लग्नं मे महिन्यात. मी पुण्यात पौरोहित्य करतो, म्हणजे उभा जन्म इतरांच्या सुट्या सत्कारणी लावतो. माझं गाव अकोट. तिथला आमरस मी वर्षानुवर्षं फक्त पत्रांतून चाखला.

२०२४ साली मात्र आकाशातच चमत्कार झाला. देवांचे गुरू बृहस्पती आणि दैत्यांचे गुरू शुक्राचार्य. या दोघांचं एरवी कशावर एकमत होणार? पण त्या मे महिन्यात दोघेही एकदम अस्ताला गेले. एक जरी अस्तंगत असला तरी लग्न-मुंजीचा मुहूर्त धरत नाहीत. इथं तर दोघेही रजेवर! मुलीचे बाप हवालदिल, मंगल कार्यालयवाले हवालदिल आणि मी अकोल्याच्या गाडीत.

अकोल्याहून अकोटला पूर्वी मीटरगेज जायची. ती २०१७ साली बंद झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रॉडगेज सुरू झाली. रूळ रुंद झाले, ऊन होतं तेवढंच राहिलं. त्या महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, तेव्हा कलेक्टरांनी २५ मेपासून महिनाअखेरपर्यंत जिल्ह्यात १४४ कलम लावलं. दंगलीपायी नव्हे, उन्हापायी! वर मुहूर्त नाही, खाली जमाव नाही. एका भटजीला सुटी मिळायची तर ब्रह्मांडाला एवढी तयारी करावी लागते.

घरात पाऊल टाकलं तर आईनं बादली पुढे केली. "पुण्यात असशील गुरुजी, इथं बाळ्याच आहेस. आधी कूलरमध्ये पाणी भर." खरं सांगतो, पायाला हात लावणाऱ्या शंभर यजमानांपेक्षा त्या बादलीनं मला बरं वाटलं.

पण सुटी म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तिसऱ्याच दिवशी उभा राहिला. बँकेतला कारकून गावी आला तर कुणी त्याच्यापुढे चेक नाचवत नाही. डॉक्टर आला तर लोक जीभ काढून दाखवतात, तेवढ्यावर भागतं. गुरुजी आला की अख्ख्या आळीला पुण्य आठवतं. शेजारचे काका नवीन कूलरची पूजा करा म्हणून आले. मी म्हटलं, "काका, मी सुटीवर आहे."

"तुमी हाय ना सुटीवर, देव थोडीच हाय!"

या युक्तिवादाला कुठल्याच शास्त्रात उत्तर नाही. मी जाऊन कूलरला कुंकू लावून आलो.

इथवर गंमत होती. चार दिवसांनी पहाटे आळीतले एक म्हातारे वारले. मर्तिकाला ना मुहूर्त लागतो ना गुरू-शुक्राची परवानगी. ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं होतं आणि नेहमीचे गुरुजी परगावी होते. लहानपणी मला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडणारा हा माणूस. हजारदा परक्यांची नावं जिथं न अडखळता घेतली, तिथं त्यांचं नाव उच्चारताना माझी जीभ अडली. परतताना त्यांच्या मुलानं दक्षिणा पुढे केली. घ्यावी तर मी कामावर, न घ्यावी तर तो माझ्या उपकाराखाली. मी पाकीट तसंच परत केलं आणि तो घरी येऊन आईच्या हाती देऊन गेला. आई म्हणाली, "घे. बापाचं करताना माणसाला कुणाचं देणं ठेवावंसं वाटत नाही. तुझी सुटी राहिली म्हणून त्याचं ओझं कशाला वाढवतोस?"

धर्मशास्त्र मी वेदपाठशाळेत शिकलो, हे कलम तिथं नव्हतं.

अकोटला नरसिंग महाराजांचं मंदिर आहे. दासगणूंच्या 'श्रीगजानन विजय' ग्रंथात शेगावचे गजानन महाराज त्यांना भेटायला अकोटला येतात ती कथा आहे. एक विरक्त, एक प्रपंचात राहिलेला. पण भेटतात सख्ख्या भावांसारखे. मला त्या कथेतली भेटीची ओढ फार आवडते. विरक्तालाही जिथं 'आलास का?' म्हणणारं कुणी असतं, अशी जागा लागते. मग आमच्यासारख्या दक्षिणेवर जगणाऱ्याचं काय? वर्षभर मी पाण्याची पळी हातात घेऊन दुसऱ्यांच्या नावागोत्रानं देवाकडे आयुष्य मागतो, आरोग्य मागतो. माझ्या नावानं कोण मागतं?

ते कळलं सुटीच्या शेवटच्या दिवशी. आई देवापुढे बसली होती. मंत्रात चार चुका, पूजेचा क्रम उलटासुलटा. माझ्यातला गुरुजी दोनदा तोंड उघडू पाहत होता. मी त्याला गप्प बसवलं आणि मागच्या पाटावर यजमानासारखा हात जोडून बसलो. शेवटी तिनं माझं नाव घेतलं आणि पुटपुटली, "पुढच्या वर्षीही दोघं गुरू असेच एकदम बुडू दे."

"आई, त्यांच्याबरोबर माझी दक्षिणाही बुडते!"

"बुडू दे. तू येतोस ना!"