हात कोठे थांबावा?

फैजपूरच्या दक्षिणेकडून वाहणारी तापी सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. आम्हां खानदेशवासीयांचे समुद्राशी नाते बहुधा एवढेच. त्यामुळे आमच्या धर्मग्रामातील काही तरुणांसह रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी कासवांची पिल्ले पाहण्यास गेलो, तेव्हा एका तरुणाने विचारलेला प्रश्न मला स्वाभाविक वाटला : “फादर, माणसे उपाशी असताना कासवांसाठी एवढा खटाटोप कशाला?”

ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा ती वळून पाहत नाही. ही अंडी पूर्वी माणसे उकरून नेत. उरलेली कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी जात. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने त्यांचे रक्षण आरंभिले. स्वयंसेवक पहाटे किनारा पालथा घालतात, मादीच्या पावलांच्या खुणांवरून घरटे शोधतात, अंडी कुंपणातील खड्ड्यांत हलवितात आणि सुमारे पन्नास दिवस राखण करतात. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले आणि गावाच्या पदरी चार पैसे पडू लागले. अंडी नेणाऱ्या गरिबाला नुसते पापी ठरविणे सोपे होते. येथे त्याच्या चुलीचाही विचार झाला. मुक्या जीवावरील दया माणसाच्या मुखातील घास काढून घेतेच असे नाही.

परंतु मला अंतर्मुख केले ते निराळ्याच गोष्टीने. पिल्ले पाण्यात सोडत नाहीत, पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवतात. एक पिल्लू कोणाच्या तरी पावलाच्या खळग्यात अडकले. आमच्यातील एकजण त्याला उचलण्यास वाकला, तोच राखणदार म्हणाला, “थांबा. त्याचं त्याला चालू द्या.” जन्मकिनाऱ्याची खूण पिलाच्या ठायी या आरंभीच्या प्रवासात उमटते, असे अभ्यासक मानतात. ब्रिटनच्या बेटांवर सील या समुद्री प्राण्यावर लक्ष ठेवणारे स्वयंसेवकही असेच वागतात. एकटे दिसलेले पिल्लू ते लगेच उचलत नाहीत. दूर राहून पाहतात, कारण आई परतण्याचा संभव असतो. ते आजारी वा जखमी आहे असे जाणकारांनी ठरविले, तरच हात लावतात.

वीस वर्षांपूर्वी एका गुणी मुलाचे शिक्षण मी अंगावर घेतले होते. शाळा मी निवडली, विषय मी निवडले, नोकरीही मीच पाहिली. एके दिवशी तो न सांगता निघून गेला. कित्येक वर्षे मी त्याला मनोमन कृतघ्न म्हणत आलो. वेळासच्या वाळूत उभा असताना प्रथमच उमगले, मी त्याला उचलून थेट पाण्यात सोडले होते. वाळूवरून चालू दिलेच नव्हते.

याचा अर्थ दुसऱ्याच्या संकटात हात बांधून स्वस्थ बसावे, असा नव्हे. पन्नास दिवस पहारा केलेल्यालाच एकावन्नाव्या दिवशी थांबण्याचा अधिकार पोहोचतो. आधीच थांबणारा तो निष्ठुर. कधीच न थांबणारा नकळत मालक होतो. हजारांतून एखादेच पिल्लू प्रौढ होते म्हणतात. जे होते तेही राखणदाराला ओळखणार नसते. तरी तो दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा निघतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रकात प्रत्येक जीवाला परमेश्वरापुढे स्वतःचे मोल आहे असे शिकविले. ज्याचे मोल आपल्यावर अवलंबून नाही, त्याच्यावर मालकी तरी कशी सांगावी?

ते पिल्लू खळग्यातून बाहेर आले आणि लाटेत दिसेनासे झाले. फैजपूरला परतल्यावर मी त्या मुलाला पत्र लिहिले. कसा आहेस एवढेच विचारले; उपदेश एकही केला नाही.