मृताची कहाणी कोणाची?

एखाद्याचा खून झाला, खटला चालला, आरोपीस शिक्षाही झाली. तीस वर्षांनी त्या खुनावर मालिका निघाली आणि वर्गणी भरून आपण ती घरबसल्या पाहिली, तर त्यात गैर ते काय? घटना खरी आहे, न्यायालयाचे कामकाज उघड चाललेले आहे, आपण कोणाचे काही हिरावून घेतलेले नाही. असा युक्तिवाद आपल्या धर्मग्रामांतील सुशिक्षित तरुण करतात आणि तो सहजासहजी खोडून काढता येण्यासारखा नाही.

संत ऑगस्टीन यांच्या काळी दूरचित्रवाणी नव्हती. परंतु हा प्रेक्षक त्यांना चांगला ठाऊक होता. 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात ते विचारतात, की छिन्नविच्छिन्न प्रेत पाहण्यात सुख ते कसले आणि तरीही माणसे तेथे का धावतात? तिसऱ्या भागातील त्यांचे निरीक्षण मला अधिक मार्मिक वाटते. रंगभूमीवरील दुःख पाहून प्रेक्षक रडतो, त्या रडण्याचे त्यास सुख होते. मात्र कोणाच्या मदतीस धावून जाण्याची हाक त्याला नसते. तेथील दुःखे निदान पुरातन अथवा कल्पित होती. ज्याचा मृत्यू रंगविला जाई, त्याची बहीण प्रेक्षकांत असण्याचा संभव नव्हता.

आज तो आहे. अमेरिकेत 1978 ते 1991 या काळात सतरा जणांचे बळी घेणाऱ्या जेफ्री डामरवर नेटफ्लिक्सने 2022 साली मालिका काढली. एका मृताच्या बहिणीने 1992 मध्ये न्यायालयात केलेला आक्रोश तीत जवळजवळ शब्दशः, वेशभूषेसह उभा करण्यात आला. आपणांस कोणी विचारले नाही, साधे कळविलेही नाही, असे तिने पुढे सांगितले. कायद्याने विचारण्याची गरज नव्हती. पहिल्या साठ दिवसांत जगभरच्या प्रेक्षकांनी या मालिकेस शंभर कोटी तास दिले.

तथापि सर्वच कार्यक्रमांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. 1993 साली आर्कान्सास राज्यातील वेस्ट मेम्फिस येथे आठ वर्षांच्या तीन मुलांचा खून झाला. तीन तरुणांस शिक्षा झाली; एकास तर देहदंडाची. एचबीओ या वर्गणीच्या वाहिनीने 1996 मध्ये 'पॅराडाइज लॉस्ट' हा माहितीपट दाखविला. पुरावा किती तकलादू होता हे पाहून अनेक प्रेक्षक अस्वस्थ झाले, त्यांनी पैसे जमविले, वकील उभे केले. अठरा वर्षांच्या कारावासानंतर 2011 मध्ये तिघे सुटले. निर्दोष ठरून नव्हे. आपण निर्दोष आहोत हे न सोडता, सरकारपक्षाजवळ पुरेसा पुरावा आहे एवढे मान्य करून. ऑगस्टीन यांच्या प्रेक्षकास जी हाक नव्हती, ती येथे होती आणि काहींनी ती ऐकली.

पण तेथेही मन पूर्णपणे निवत नाही. 2000 साली याच मालेतील दुसरा चित्रपट आला. त्याचा रोख मृत मुलांपैकी एकाच्या सावत्र वडिलांकडे वळला. त्यांच्यावर कधीही आरोप ठेवला गेला नाही. तरी घरोघरी लोकांनी त्यांचा चेहरा, त्यांचे हातवारे न्याहाळून मनोमन निकाल दिला. आठव्या आज्ञेवरील शिकवणीत अविचारी निवाड्याचा उल्लेख येतो. तो आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुचाळक्यांपुरता मानून चालतो. परंतु रात्रीच्या जेवणानंतर (पूर्वी ही वेळ जपमाळेची असे) सारे कुटुंब पडद्यासमोर बसून "यानेच केले असणार" असे म्हणते, तेव्हा तो माणूस दहा हजार मैलांवर आहे म्हणून त्याच्या अब्रूचे मोल कमी होते काय? पुराव्याचा दुबळेपणा दाखविणारा चित्रपट एक अन्याय दूर करण्यास निघाला आणि दुसऱ्याच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला, हे मला नाकारता येत नाही.

त्या खुनांबद्दल दुसऱ्या कोणास आजवर शिक्षा झालेली नाही. सुटलेल्या तिघांची नावे, त्यांची पुस्तके, त्यांच्या मुलाखती सर्वपरिचित आहेत. ती तीन मुले जगली असती तर आज चाळिशीत असती. त्यांची नावे हे चित्रपट पाहिलेल्या कित्येकांना विचारून पाहिली. एकालाही सांगता आली नाहीत.