पहिल्या तबकडीत नसलेला माणूस

"हाई खरं गानं शे, बाकी सगळा कालवा." धुळ्याचे आमचे एक स्नेही, मराठीचे निवृत्त शिक्षक, तबकडीची बाजू संपली की हे वाक्य उच्चारतात. तबकडी 'जैत रे जैत'ची. ना. धों. महानोर 3 ऑगस्ट 2023 रोजी गेले, तेव्हापासून आमच्या चार टाळक्यांच्या बैठकीत ती पुन्हा पुन्हा निघते, कधी जळगावला तर कधी धुळ्याला. 'कालवा' हा शब्द खिडकीबाहेरच्या वरातीला उद्देशून असतो. वरातीबद्दल माझं मत सरांपेक्षा फार सौम्य होतं असं नाही. मला खटकत होतं ते 'खरं'.

सिनेमा वाचकांना ठाऊक आहे. 1977 साल, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, गो. नी. दांडेकरांची कादंबरी, नाग्या आणि चिंधी, लिंगोबाच्या डोंगरावरची राणीमाशी. गाणी तर पाठच असतात. त्यामुळे कथा सोडून देतो आणि फक्त कर्त्यांची यादी वाचतो. कथा कर्नाळ्याच्या पायथ्याच्या ठाकरांची. गाणी लिहिणारा माणूस पळसखेडचा, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराखालचा ज्वारी-कपाशीचा शेतकरी. कोकणातलं जंगल त्याच्या रोजच्या पाहण्यातलं नाही. चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या, आणि ते शिष्य उस्ताद अमीर खाँचे. आवाज आशा भोसल्यांचा, रवींद्र साठ्यांचा, चंद्रकांत काळ्यांचा. दिग्दर्शक दौंडला मुलांचा दवाखाना चालवणारा डॉक्टर, नायक मानसोपचारतज्ज्ञ, आणि नायिका स्मिता पाटील, शिरपूरच्या घराण्यातली पण पुण्यात जन्मलेली-वाढलेली. श्रेयनामावलीच्या वरच्या ओळींत एकही ठाकर नाही. मग 'खरं' ते नेमकं कुणाचं?

सर म्हणतात, आपलं. महानोर आपले, स्मिता आपली. पळसखेड कागदोपत्री सोयगाव तालुक्यात, म्हणजे मराठवाड्यात पडतं, हे मी एकदा सांगून पाहिलं. "बाजार कुठला करायचे? जळगावचा. कॉलेजात कुठं होते? जळगावात," असं म्हणून त्यांनी जिल्ह्याची हद्द जागच्या जागी सरकवली.

पहिल्या कलाकृतीकडे परत जाणाऱ्या चाहत्यांचं हे जगभर असंच चालतं. पुढे नाव झालं, पैसा आला, झगमगाट आला, पण खरा माणूस त्या पहिल्या तबकडीत सापडतो, ही त्यांची श्रद्धा. अमेरिकेतल्या 'ईगल्स' या कंट्री रॉक बँडचं उदाहरण घ्या. 'हॉटेल कॅलिफोर्निया' सगळ्या जगानं ऐकलं, पण जुने चाहते वळतात ते बँडच्याच नावाच्या पहिल्या अल्बमकडे, जून 1972 मधल्या. त्यात म्हणे अमेरिकी वाळवंटाची धूळ आहे. ती धूळ मुद्रित झाली लंडनला, ऑलिम्पिक स्टुडिओत, फेब्रुवारीच्या थंडीत. निर्माता ग्लिन जॉन्स हा इंग्रज, रोलिंग स्टोन्स आणि द हू यांच्याबरोबर काम केलेला. बँडमधला ग्लेन फ्राय मोटारींच्या कारखान्यांच्या डेट्रॉइटचा. पहिल्याच गाण्यात मागून धावत येणारा बँजो ऐकला की चाहत्यांना खेड्याचा वास येतो, आणि तो बँजो तिथे घालायची कल्पना त्या इंग्रजाची. त्या गाण्यात अ‍ॅरिझोनातल्या विन्स्लो नावाच्या गावातला एक कोपरा येतो. आज त्या कोपऱ्यावर गिटारवाल्याचा पुतळा आहे आणि लोक लांबून येऊन त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात.

म्हणून पहिलं आणि मूळ यांत मी नेहमी फरक करतो. पहिलं म्हणजे तारखेनं आधी आलेलं. मूळ म्हणजे ज्यात दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही असं काही. आणि ते असतं का, याबद्दल मला शंका आहे. उलट, पहिल्या कामात दुसऱ्यांचे हात जास्त असतात असंच दिसतं. नवख्या माणसाकडे नकार द्यायची ताकद नसते. निर्माता सांगतो, संपादक सुचवतो, आणि तो ऐकतो. मनासारखं करायची मोकळीक नाव झाल्यावर मिळते, म्हणजे चाहत्यांच्या मते जिथून तो बिघडायला लागतो नेमकी तिथून.

याचा सगळ्यात मोठा पुरावा जळगावातच आहे. बहिणाबाई चौधरी 3 डिसेंबर 1951 रोजी गेल्या आणि त्यांचं पुस्तक 1952 साली आलं. पहिलं पुस्तक आलं तेव्हा कवयित्री या जगात नव्हती. त्यांना अक्षर येत नव्हतं. ओव्या टिपून ठेवल्या त्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि घरातल्या आणखी एका लिहित्या मुलानं. आचार्य अत्र्यांनी त्या वाचल्या, ऐकल्या, आणि प्रस्तावनेसह छापल्या. ज्या बोलीत त्या आहेत तिला बाहेरचे लोक सरसकट अहिराणी म्हणतात. लेवा गणबोली म्हटलं की शिकलेलेही गोंधळतात. आणि चाल? बहिणाबाईंचा आवाज आज कुठंही ऐकायला मिळत नाही. सर 'जात्यावरची चाल' म्हणून जे गुणगुणतात ते 1961 च्या 'मानिनी' चित्रपटातलं आहे, वसंत पवारांचं. कवयित्रीच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, संगीताच्या जाणकारानं वाद्यवृंद हाताशी घेऊन बांधलेली ही चाल आता आमच्या जिल्ह्यात जात्याइतकीच जुनी समजली जाते. मला ती अतिशय आवडते. पण तिला मूळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हे सगळं मी सरांपुढे मांडलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, हे त्यांच्या स्वभावात न बसणारं होतं. मग म्हणाले, "हात लागले, कबूल. पण हात कसे होते ते बघ. महानोर शेतात उभे राहून लिहायचे. आताची पोरं लॅपटॉपवर चाल बनवतात."

शेतात उभं राहिल्यानं कविता येत असती तर आमच्या दोन जिल्ह्यांत कवींची मोजदाद करता आली नसती, असं मी म्हणालो, आणि ते पुरेसं उत्तर नव्हतं. कारण सरांच्या बोलण्यात एक गोष्ट पक्की होती. 'जैत रे जैत'ची गाणी नीट ऐकली तर त्यांतलं आभाळ जंगलात राहणाऱ्याचं वाटत नाही. ते पेरणी करून वाट पाहणाऱ्याचं आभाळ आहे. महानोरांनी ठाकरांची बोली उसनी आणून नटवली नाही, स्वतःच्या शेताचा पाऊस कर्नाळ्यावर नेऊन पाडला. अस्सल ठाकरी गाणं शोधणाऱ्याला ही फसवणूक वाटेल. मला तर वाटतं, ते तसं नसतं तर पन्नास वर्षांनी आम्ही ते ऐकत बसलो नसतो. 'वही' हा आमच्याकडचा डफावर गायचा प्रकार. तो आपल्या दुसऱ्या संग्रहाच्या नावावर चढवणारा हा कवी. लोकगीतातून काय घ्यावं आणि काय तिथंच ठेवावं याची त्याला उपजत समज होती.

पण 'लॅपटॉप' मनात राहिला, आणि इथे थोडं आडवाटेला जातो. लग्नसराईत साक्रीकडे किंवा नंदुरबारकडे गेलात तर वरातीचा बँड पाहा. पितळी वाद्यांचा ताफा आता मागे पडत चालला. एका गाडीवर स्पीकरची भिंत उभी, तिच्यापुढे कीबोर्ड, पॅड आणि एक गाणारा. या कीबोर्डवर आमच्या भागात एक आवाज हमखास लावलेला असतो: पावरीचा. खरी पावरी वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि शिंग किंवा तसंच काही कर्ण्यासारखं जोडून केलेली. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात मार्गशीर्षात ती रात्रभर वाजते. वाजवणारा श्वास न तोडता वाजवतो, आणि नाचणारे तिच्यावरच फिरतात. देवाचं वाद्य, त्याला वेळकाळ आहे, विधी आहे. तोच सूर आता वैशाखात, भर दुपारी, ट्रॅक्टरच्या जनित्रावर चालणाऱ्या यंत्रातून निघतो आणि नवरदेवाचे मित्र त्यावर टिमली नाचतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते असह्य वाटलं होतं. आवाज कानाला इजा करणारा असतो, त्याबाबत माझी तक्रार आजही कायम आहे, आणि घराच्या काचा थरथरू लागल्या की मी सरांच्याच पक्षात असतो. पण ज्या पोरानं पहिल्यांदा पावरीचा सूर यंत्रात भरायचा उद्योग केला, त्यानं काय केलं? गावातलं एक जुनं वाद्य उचललं, परक्या यंत्रातून वाजवलं आणि ज्यांचं ते मुळात नव्हतं त्यांनाही नाचवलं. लंडनमधल्या बँजोत आणि यात फरक कुठं काढायचा, हे मला अजून जमलेलं नाही. कंट्री रॉक म्हणजे याहून वेगळं काय असतं?

इथे माझाच युक्तिवाद माझ्या अंगावर आला. मूळ असं काही नसतंच, सगळीच मिसळ, असं एकदा म्हटलं की पहिल्याचं महत्त्वही गेलं. महानोरांची नंतरची गाणीही मिसळच. मग आम्ही 'जैत रे जैत'कडेच का परत जातो? 'सर्जा'कडे, 'दोघी'कडे का जात नाही? केवळ तरुणपण आठवतं म्हणून, हे उत्तर सोपं आहे, आणि आमच्या बैठकीतल्या एका पंचविशीतल्या मुलीला ते लागू पडत नाही. तिचा जन्म त्या सिनेमानंतर वीसेक वर्षांनी झाला. तीही तीच बाजू पुन्हा लावायला सांगते.

म्हणून आता मी वेगळं म्हणतो. पहिल्या तबकडीत दुसऱ्यांचे हात खूप असतात, पण एक माणूस तिच्यात नसतो: चाहता. तो अजून जन्मलेलाच नसतो. दुसऱ्या अल्बमपासून तो खोलीत येऊन बसतो. करणाऱ्याला त्याचा चेहरा दिसतो. त्याला काय आवडलं हे ठाऊक असतं, तेच पुन्हा द्यावं की मुद्दाम टाळावं याचा विचार करावाच लागतो. टाळणं हासुद्धा त्याचाच विचार. पहिल्या वेळी मात्र ऐकणारा ठरलेला नसतो, आणि म्हणून गाण्याला जिथं जायचं तिथं जाता येतं. 1977 साली ठाकरांच्या गोष्टीत डझनाहून अधिक गाणी घालणारा, जवळपास गाण्यांवरच चालणारा मराठी सिनेमा कुणाला हवा होता? कुणी मागितला नव्हता. बहिणाबाईंना तर ऐकणारा असा नव्हताच. जातं होतं, शेत होतं, आणि जवळपास वावरणारं घर. ज्याला आम्ही शुद्धता समजतो ती ही गैरहजेरी असावी. चाहते पहिल्या कामाकडे परततात ते त्यांना तिथं स्वतःचा वावर जाणवत नाही म्हणून. पुढच्या प्रत्येक तबकडीत त्यांना आपलीच मागणी ऐकू येते, आणि मग ते कलाकारावर रागावतात.

सरांना ही मांडणी निम्मी पटली. निम्मी म्हणजे महानोरांपुरती. वराती गाण्यांना मात्र ती लागू करू देईनात. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं: वरातीतल्या गाण्याचा ऐकणारा तर आधीच ठरलेला असतो, सुपारी घेऊनच बँड येतो; ऐकणाऱ्यानं सांगितलं तेच वाजतं. आजच्या बहुतेक अहिराणी वराती गाण्यांना हे लागू आहे, मी मान्य केलं. एक गाणं चाललं की त्याच ठेक्याची, त्याच झुमक्यांची वीस गाणी पाठोपाठ येतात. त्यांत चाहता पुढच्या बाकावर बसलेला स्पष्ट दिसतो. पण ते एक? अहिराणीत गाणं करून ते मोबाइलवर सोडणारा पहिला पोरगा, ज्याला घरच्यांनी सांगितलं असणार की मराठीत कर, निदान हिंदीत कर, ही भाषा धुळ्यापलीकडे कोण ऐकणार? त्याच्यापुढे कोण बसलं होतं? पुण्याच्या कंपनीतला चोपड्याचा मुलगा आणि सुरतेच्या कापड बाजारातला शिंदखेड्याचा मुलगा ते ऐकून वेडे होतील हे त्याला कुठून कळणार? त्याला तेव्हा चाहता नव्हता. माझ्याच न्यायानं ते गाणं मला 'जैत रे जैत'च्या ओळीत बसवावं लागतं. मी बसवलं. आवडीनं नव्हे, पण बसवलं.

आणि एकदा बसवल्यावर आणखी एक गोष्ट सुटली. पहिलेपण एकदाच येतं असं नाही. महानोरांचा 'रानातल्या कविता' 1967 साली आला तेव्हा ते पंचविशीत होते. शहरातल्या वाचकांना पळसखेड नकाशावर शोधावं लागलं असेल. दहा वर्षांनी ते सिनेमात गेले, म्हणजे पुन्हा अनोळखी लोकांपुढे. बहिणाबाईंचंही दोनदा झालं, एकदा छापखान्यात आणि एकदा 'मानिनी'त, दोन्ही वेळा त्यांच्या पाठीमागे. आणि मग 1992 चा 'एक होता विदूषक': पटकथा-संवाद पु. ल. देशपांड्यांचे, दिग्दर्शक पुन्हा जब्बार पटेल, संगीतकार मात्र नवा, आनंद मोडक, आणि रानातल्या कवीनं तमाशाच्या फडासाठी लिहिलेल्या लावण्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या कवीनं आपले आभाळ-पावसाचे चाहते घरी ठेवले आणि ज्या माडीवर त्याला कुणी ओळखत नव्हतं तिथं जाऊन बसला. त्या लावण्यांत मला तीच मोकळीक ऐकू येते. त्या तबकडीला सर 'नंतरचं' म्हणतात. मी म्हणालो, हेही पहिलंच. इथवर ते मान हलवत होते. मग मी म्हणालो, याच न्यायानं साक्रीच्या त्या पोराची पावरीही पहिलीच. यावर सरांनी चहाचा कप खाली ठेवला, टोपी घातली आणि शेवटच्या एस.टी.ची वेळ झाल्याचं सांगितलं. तेव्हा साडेपाच वाजले होते.