मुलांची थट्टा आणि मनाची ताटी

सज्जनहो, ज्ञानोबारायांना व त्यांच्या भावंडांना लोक 'संन्याशाची पोरे' म्हणून हिणवीत. परंपरा सांगते, एकदा लोकांच्या बोलण्याने खिन्न होऊन ज्ञानोबाराय ताटी लावून आत बसले. धाकट्या मुक्ताईने विनवण्या करून ती उघडविली; तेच ताटीचे अभंग.

एवढ्या ज्ञानियांच्या राजाची ही गत, मग शेजारच्या अडखळत बोलणाऱ्या पोराने काय करावे? 'बोबड्या' म्हटले की तेही मनाची ताटी लावते, खेळायला येईनासे होते. आणि आपले पोर म्हणते, "मी तर गंमत केली!"

त्याला चारचौघांत रागावू नका. जवळ घेऊन विचारा, "बाळा, तोही हसला का रे? का मान खाली घातली?" दोघे हसले तर थट्टा, एकटाच हसला तर टवाळी. कधी पोर लाजेनेही हसते. म्हणून डोळ्यांकडे पाहायला शिकवा. अंगाचे व्यंग, जात, गरिबी हा तर थट्टेचा विषयच नव्हे.

आपणही जपावे. वारीत ज्या तोंडाने 'माऊली' म्हणतो, त्याच तोंडाने घरी कुणाची नक्कल केली, तर लेकरू तेच उचलणार ना?

दुखावलेल्याच्या दारी आपल्या लेकराला मुक्ताई होऊन जाऊ द्या. रामकृष्णहरि!