भिंतीआडचं अदृष्ट

जुन्या घरात पंखा दुरुस्त करायला आलेला वायरमन बोर्डाचे स्क्रू काढतो, पाटी बाजूला करून आत टॉर्च मारतो आणि विचारतो, "हे काम कुणी केलंय?" प्लंबरही नहाणीतली पहिली फरशी उचकटली की हेच विचारतो. त्याला उत्तर नको असतं. यात थोडा धंद्याचाही भाग आहे, कारण आधीच्याला नावं ठेवल्याशिवाय आपल्या बिलाला वजन येत नाही. पण वाकून बोर्डाच्या आत पाहिलं, तर बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो.

हिरवी वायर कापून मागे दुमडलेली असते, म्हणजे तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं मोठं भोक नुसतं शोभेचं. (अशा बोर्डाकडे पाहून एखादा जुना वायरमन "याला अर्थच नाही" म्हणतो, तेव्हा त्याला त्यातला श्लेष कळत नसेल असं समजू नये.) बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलेलं असतं, त्यामुळे दिवा विझतो, पण होल्डरमधला करंट तसाच राहतो. दिव्यासाठी ओढलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर दोन हजार वॉटचा गीझर चाललेला असतो. जिथे सांधा असूच नये अशा कंड्यूट पाइपात नुसता पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळलेला सांधा निघतो. बाथरूममधला ढाळ जाळीच्या उलट्या दिशेला. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह टिपकतो म्हणून कुणीतरी त्याला बूच मारलेलं. आता आत दाब वाढला तर त्याला टाकी फोडूनच बाहेर यावं लागेल. आणि या सगळ्यावर पुट्टी, प्रायमर आणि दोन हात फिकट पिवळा रंग.

इथून पुढचा प्रश्न वायरमनच्या पेटीतल्या हत्यारांनी सुटत नाही. तो सांधा मारणारा पोरगा पंधरा वर्षांपूर्वी पैसे घेऊन गेला. आज तो कुठल्या तरी गावी सुखाने जेवत असेल. झटका बसणार तो भाडेकरूला, आणि त्याने ती भिंत उघडी असताना पाहिलेलीसुद्धा नाही.

आपल्याकडच्या कर्मविचाराला याच गोष्टीची फार धास्ती होती. न्यायशास्त्रात दोन दोषांची जोडी सांगितली आहे, कृतनाश आणि अकृताभ्यागम. केलेल्याचं फळ वाया जाणं हा पहिला, न केलेल्याचं फळ अंगावर येणं हा दुसरा. टिकून राहणारा आत्मा नाही, सगळं क्षणाक्षणाला बदलतं असं मानलं तर करणारा एक आणि भोगणारा दुसरा ठरेल, असा आक्षेप बौद्धांवर घेतला गेला, तो याच जोडीच्या आधाराने. त्यावर शतकानुशतकं वाद झडले. भाड्याच्या फ्लॅटमधल्या बाथरूममध्ये मात्र दोन्ही दोष एकाच वेळी, एकाच बादलीशेजारी उभे असतात.

कर्म आणि फळ यांच्यामधला काळ कसा सांधायचा, हीही जुनी अडचण. यज्ञ आज झाला आणि स्वर्ग मेल्यावर मिळणार, तर मधली वर्षं ते कर्म राहतं कुठे? मीमांसकांनी त्यासाठी ‘अपूर्व’ नावाची शक्ती मानली, न्याय-वैशेषिकांनी ‘अदृष्ट’ म्हटलं. वायरमन त्यालाच कन्सील्ड म्हणतो. फरक एवढाच, की त्याचं अदृष्ट मोजता येतं. सैल सांध्याला विरोध जास्त, म्हणून तो तापतो. तापला की तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो. थर चढला की विरोध आणखी वाढतो. त्या वायरीवर एक ट्यूब आणि एक पंखा आहे तोवर हे संचित गुपचूप साठत राहतं. मग एका उन्हाळ्यात घरात एसी येतो आणि प्रारब्ध सुरू होतं.

कधीकधी कर्म आणि फळ यांच्यात पंधरा वर्षंही जात नाहीत. 13 जून 1997 रोजी दिल्लीतल्या उपहार सिनेमागृहाच्या तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला सकाळी आग लागली. वीज मंडळाच्या माणसांनी तो दुरुस्त केला. केबलची टोकं क्रिम्पिंग मशीनने दाबून बसवायची असतात. ती डाय आणि हातोडीने ठोकून बसवली, असं पुढे खटल्यात निष्पन्न झालं. सांधा सैल राहिला, ठिणग्या उडाल्या आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास, पडद्यावर ‘बॉर्डर’ चालू असताना, धूर बाल्कनीत भरला. 59 माणसं गेली. बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या, हा दोष वेगळा आणि त्याचे धनीही वेगळे. पण सकाळच्या त्या कामात एक हत्यार कमी होतं, एवढं खरं. खंडेनवमीला आपण ड्रिल, पक्कड, टेस्टर मांडून त्यांना झेंडू वाहतो. पूजेला नसलेल्या हत्यारांचा विचार कुणी करत नाही.

त्या हातोडीवाल्याला कुणाला मारायचं नव्हतं. हिरवी वायर कापणाऱ्यालाही नसतं. मग हे पाप म्हणायचं की चूक? बौद्ध विचारात कर्माचं मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत आहे. ती फूटपट्टी लावली तर हा माणूस बराचसा सुटतो. त्याला नेमकं पकडतं ते उमास्वातींचं तत्त्वार्थसूत्र. तिथे हिंसेची व्याख्याच प्रमादातून केली आहे: बेफिकीर वागण्यातून जिवाला पोचलेली इजा ती हिंसा. द्वेष हवाच, अशी अट नाही. ‘चालतंय की’ एवढं पुरतं. भिंतीआडच्या कामाला जगातल्या कुठल्याही धर्मग्रंथातलं याच्याइतकं चपखल कलम सापडणं कठीण आहे.

पण प्रमाद एकट्या कामगाराच्या माथी मारणंही सोयीचंच. घराच्या वायरिंगचा हिशोब बहुतेक ठिकाणी पॉइंटवर होतो. जितके पॉइंट, तितके पैसे. अर्थिंग नीट खाली उतरवण्यात अर्धा दिवस गेला, तर त्या अर्ध्या दिवसाचा पॉइंट होत नाही. मालक दर पाडून मागतो, ठेकेदार त्यातून आपला वाटा काढतो, वास्तुशांतीची तारीख छापून झालेली असते. करणारा, करवणारा, भरीस घालणारा आणि मान डोलावणारा हे चौघेही सारखेच वाटेकरी, असं एक जुनं सुभाषित आहे. टाइल्सच्या दुकानात दीड तास आणि वायरीच्या दुकानात पाच मिनिटं घालवणारं कुटुंब त्यातला चौथा वाटा उचलतं.

कर्माचं फळ दैवावर न सोडता सरकारी खात्यात जमा करण्याचे प्रयत्नही जुनेच. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या हम्मुराबीच्या कायद्यात कच्चं घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड होता. पुढचं कलम आणखी भयंकर: मालकाचा मुलगा मेला, तर बांधणाऱ्याच्या मुलाला मारायचं. अकृताभ्यागम टाळायला निघालेल्या राजाने तो कायद्यातच कोरून ठेवला. आपला 2016 चा रेरा कायदा त्या मानाने सौम्य आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला, तर विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा. सैल सांध्याला मात्र पाच वर्षांची घाई नसते.

मग साक्षीदार कोण? भिंतीआड देव पाहतो, हे उत्तर ज्यांना पुरतं त्यांची कामं चांगली होतातच, असा काही अनुभव नाही. मराठी मनाला दुसरी एक गोष्ट जवळची आहे. तेरला संत जमले असताना मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिलं आणि नामदेव कच्चं मडकं ठरले, ही कथा. आजही फरशी बसवणारा मिस्त्री हातोडीच्या दांड्याने टाइल ठोकतो आणि ‘पोकळ वाजतेय’ म्हणतो. कच्चंपक्कं ओळखायचा अधिकार गोरोबांकडे आला तो आयुष्यभर मडकी भाजल्यामुळे. भिंतीआडच्या कामाचा साक्षीदारही तसाच असतो. पुढे कधीतरी ती भिंत फोडणारा, त्याच धंद्यातला माणूस.

आणि त्याची स्थिती मूळ काम करणाऱ्याहून अवघड असते. आधीच्याला कदाचित माहीत नव्हतं. याला आता माहीत झालेलं आहे. त्याला बोलावलंय पंख्यासाठी. त्याने कापलेली हिरवी वायर दाखवली, तर मालकाला वाटणार की हा काम वाढवतोय. मालक म्हणतो, "ते राहू दे हो दादा, इतकी वर्षं काही झालं नाही. आज फक्त पंखा बघा." या क्षणी पाटी परत लावून चार स्क्रू आवळणं अगदी सोपं असतं. ते आवळले की तोही मान डोलावणाऱ्यांत जाऊन बसतो. चांगला वायरमन अशा वेळी वाद घालत नाही. मालकाला स्टुलावर चढवून आत बघायला लावतो आणि पंख्याच्या बिलाखाली ‘अर्थिंग नाही, सांगितले आहे’ अशी ओळ लिहून देतो. हा त्याच्या सुटकेचा कागद आहे, असं म्हणता येईल. पण अदृष्टाला दृष्ट करण्याचा याहून स्वस्त उपाय कुणाला सुचलेला नाही.

घरोघरच्या मुख्य बोर्डावर एमसीबी असतात आणि लोक निर्धास्त होतात. एमसीबी वायरीला वाचवतो. 16 अँपिअरच्या एमसीबीला जो करंट अजून जास्त वाटत नाही, त्याच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी करंट माणसाच्या छातीतून गेला तरी जीव जाऊ शकतो. माणसासाठी 30 मिलिअँपिअरची गळती पकडणारा आरसीसीबी लागतो. तो घरात असेल तर त्यावर ‘टी’ लिहिलेलं एक छोटं बटण दिसेल. ते एकदा दाबून पाहा. घरातली वीज तत्क्षणी गेली पाहिजे. गेली नाही, तर तो बदलायला हवा. मात्र हे बटण फक्त आरसीसीबीचीच परीक्षा घेतं. हिरवी वायर कापलेली आहे की नाही, हे त्याला कळत नाही. त्यासाठी वायरमनला बोलवा, आणि तो पाटी काढेल तेव्हा तिथे उभे राहा.